मधल्याचा झेल

माझा नवरा कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत होता. मध्येच परत येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर त्याने पुण्यात आमच्या वारज्याच्या घरी एक खोकं पाठवलं. चॉकलेटं असतील म्हणून मी ते घाईघाईने फोडलं, तर आत पत्त्यांसारखी कार्डं. पिवळी पडलेली, कोपरे झिजलेली, आणि चित्र म्हणाल तर एकही नाही. प्रत्येक कार्डावर एका खेळाडूचं नाव आणि खाली आकड्यांच्या रांगा. बरोबर एक लाल फासा, एक पांढरा फासा, घडी घातलेला एक मोठा तक्ता आणि एक बारकी पुस्तिका. सोबत नवऱ्याची चिठ्ठी: 'इथल्या जुन्या बाजारात मिळालं. टेबलावर खेळायचं बेसबॉल. बाबांना दे, त्यांचा वेळ जाईल.'

मी चिठ्ठी सासऱ्यांना वाचून दाखवली. ते एकोणऐंशी वर्षांचे. चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "माझा वेळ आपला आपण जातोय. त्याला धक्का मारायची गरज नाही, असं कळव त्याला."

मी कळवलं नाही. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे आकड्यांची रांग दिसली की ती कशासाठी लावली आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही माझी जुनी खोड. घरचे तिला जिज्ञासा म्हणत नाहीत, दुसरा शब्द वापरतात.

दुपारच्या चहाला मी पुस्तिका घेऊन बसले. त्या खोक्यात एका फार जुन्या अजिंक्यपद स्पर्धेतले दोनच संघ होते. सात सामने, त्यातले चार जिंकेल तो विजेता. ती स्पर्धा आपल्या टेबलावर पुन्हा खेळून बघा, निकाल बदलतो का पाहा, असं खेळ बनवणाऱ्याचं म्हणणं. खरी स्पर्धा कशी झाली तेही शेवटच्या पानावर दिलं होतं. ते मी मोठ्याने, जमेल तसं मराठी करत वाचत गेले. तीन-तीन सामने झाले, सातवा सामना आला, एका संघाकडे एका धावेची आघाडी होती. शेवटच्या डावात मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे एक सोपा, उंच चेंडू गेला. तो त्याच्या हातातून सुटला. सामना गेला आणि स्पर्धाही गेली. तो माणूस पुढे पुष्कळ वर्षं खेळला, पण मरेपर्यंत लोकांनी त्याला त्या एका चेंडूसाठीच ओळखलं.

वाचून संपल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

इथे मागची एक गोष्ट सांगायला हवी. लग्नात आमची पंगत बसली होती तेव्हा सासऱ्यांच्या समोर बसलेल्या एका उंच माणसाने ताटातला लाडू उचलून त्यांच्याकडे भिरकावला आणि ओरडला, "पकड रे! हा तरी पकड!" सगळी रांग हसली. सासऱ्यांचे हात मांडीवर होते ते मांडीवरच राहिले. लाडू त्यांच्या आमटीत पडला. नवी नवरी म्हणून मी गप्प बसले, पण 'का' हा प्रश्न डोक्यात वळवळत राहिला. पुढे सासूबाईंनी सांगितलं. सासरे तरुणपणी पेठेतल्या एका क्रिकेट क्लबकडून खेळायचे. एका अंतिम सामन्यात, अगदी शेवटी, त्यांच्या हातून झेल सुटला आणि चषक गेला. गोलंदाजी तो लाडूवालाच करत होता, त्यांचा जिवलग मित्र. तेव्हापासून पुण्यातल्या ओळखीच्या प्रत्येक समारंभात कुणी ना कुणी त्यांच्याकडे काहीतरी फेकायचं. अक्षता टाकतानासुद्धा "ह्या पकडू नका हं" म्हणणारे होते. आपल्याकडे माणसाला विसरू देत नाहीत.

मी पाहिलेलं एवढंच, की सासरे फेकलेली कुठलीही वस्तू झेलत नाहीत. किल्ली फेका, हात मागे जातात, किल्ली जमिनीवर पडते, मग ते शांतपणे वाकून उचलतात. त्या क्लबच्या जुन्या मंडळींचं दर वर्षी जेवण असतं, तिथेही जाणं त्यांनी बंद केलं होतं.

तर पुस्तिका मिटून मी चहाचे कप उचलायला लागले. सासरे म्हणाले, "त्याचं कार्ड कुठं आहे?"

"कुणाचं?"

"कुणाचं काय? त्या मधल्याचं."

अमेरिकन नावं आम्हा दोघांच्याही जिभेवर बसेनात. त्यामुळे तो त्या दिवसापासून 'मधला' झाला. आमच्याकडे एक 'मिशीवाला'ही झाला, एक 'काटकुळ्या' झाला. चेहरे कुणीच पाहिले नव्हते. सासऱ्यांना आकड्यांवरून मिशी कशी दिसली, ते मी विचारलं तर म्हणाले, "एवढे षटकार मारणारा बिनमिशीचा असेल का?"

खेळायची पद्धत सोपी होती. फलंदाजाचं कार्ड समोर ठेवायचं आणि फासे टाकायचे. लाल फासा दहाचा, पांढरा एकाचा. लाल चार आणि पांढरा दोन म्हणजे बेचाळीस. कार्डावर बेचाळीससमोर जो आकडा असेल तो तक्त्यात शोधायचा, की तिथे लिहिलेलं असतं काय झालं ते. फासे उडून सोफ्याखाली जायला लागले, म्हणून सासऱ्यांनी पितळेची मोठी वाटी आणली आणि वर बशी धरून ती हलवायला सुरुवात केली. धावफलक ते लिहीत. क्लबात असताना कधी कधी स्कोअररचं काम त्यांच्यावर यायचं, त्यामुळे हात बसलेला. रेघा मारलेली वही, दोन रंगांची शाई, निर्धाव चेंडूला ठिपका.

पहिले दोन सामने आम्ही मजेत खेळलो. मग रविवारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे काय? एका टीमच्या नऊच्या नऊ इनिंग आधी खेळून घेतल्या?"

"मग?"

"मग दुसरी टीम?"

"दुसऱ्या टीमने चेस केलं," त्याचे वडील अभिमानाने म्हणाले. "सहा हवे होते, आठव्या डावातच केले. डाव सोडून दिला पुढचा."

नवरा इतका हसला की फोन त्याच्या हातातून पडला. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की बाजू बदलते, मग दुसऱ्यांचे तीन, असं नऊ वेळा. आम्ही दोघांनी इनिंग हा शब्द वाचला आणि पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. इनिंग म्हणजे काय हे आम्हाला कुणी अमेरिकेतून शिकवायचं? पुस्तिकेत ते ठळक अक्षरात होतं. मी गणिताची बाई, मुलांना आयुष्यभर 'प्रश्न नीट वाचा' सांगत आले.

मला वाटलं, झालं ते झालं, पुढचे बरोबर खेळू. पण सासऱ्यांनी वहीची ती पानं पट्टी लावून फाडली. "चुकीचा खेळ वहीत ठेवायचा नाही," म्हणाले आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.

आता मला खरी गोडी लागली. पुनःपुन्हा बाजू बदलते म्हणून कुणालाच फार वेळ निवांत बसता येत नाही, की आघाडी घेतली आणि विसावले असं होत नाही. हे लोक असं का खेळत असतील यावर मी पोहे परतताना विचार करायचे. सासऱ्यांचं मत होतं, की त्यांच्यात धीर नाही. मैदानावर चार घरं, म्हणजे बेस, आणि ती फिरून परत आलं की एक धाव. चेंडू चारदा वाईट टाकला की फलंदाजाला पहिलं घर फुकट, हे मात्र त्यांना आवडलं. "आमच्या वेळी असं असतं तर आमच्या निम्म्या बोलर्सनी मार्केट यार्डात हमाली केली असती," म्हणाले.

तिसऱ्या सामन्याच्या आसपास मी क्षेत्ररक्षणाचा तक्ता उलगडला. प्रत्येकाला एक ते पाच असे गुण दिलेले होते, पाच म्हणजे उत्तम. वर्षभराच्या सगळ्या सामन्यांवरून ते काढलेले. बहुतेकांना तीन, काहींना चार. पाच गुण दोन्ही संघांत मिळून एकालाच होते.

मी कार्ड सासऱ्यांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला.

"हा मधलाच ना?"

"मधलाच."

"पाच?"

"पाच. म्हणजे त्याच्याकडे झेल गेला तर फासे पुन्हा टाकायचे. दोन्हीवर एक-एक आला तरच सुटणार. छत्तिसात एकदा."

"आणि पाचाच्या वर कुणाला नाही?"

"नाही. अजिबात सुटणारच नाही असा कुणीच नाही. तशी सोयच ठेवलेली नाही बनवणाऱ्याने."

त्यांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मला विचारायचं होतं, की तुम्हाला क्लबात किती गुण मिळाले असते. विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना मला त्यांच्या कपाटातला एक जुना फोटो दिसला, तो त्यांनीच बाहेर काढून ठेवला होता. अकरा पोरं पांढऱ्या कपड्यांत, आणि सासरे एका टोकाला मांडी घालून. मागे शाईने प्रत्येकाच्या नावापुढे त्या हंगामातले झेल लिहिलेले. सगळ्यांत जास्त सासऱ्यांचे होते.

त्याच आठवड्यात लाडूवाल्या मित्राचा फोन आला. तो मीच घेतला. पुण्याबाहेर मांजरीला ऊस संशोधनाच्या कामात नोकरी करून ते तिथेच घर बांधून राहिले होते. म्हणाले, "सूनबाई, या वर्षी जेवण माझ्याकडे आहे. त्याला घेऊन या. आम्ही आता पाचच उरलोय."

मी सासऱ्यांना सांगितलं. ते "बघतो" म्हणाले. पुण्यात बघतो म्हणजे नाही.

मला राग आला. त्यांचा नाही, सगळ्यांचाच. पाच म्हातारे, एक चेंडू, आणि त्या चेंडूपायी एक माणूस जेवायला जात नाही. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही नाही गेलात तर पुढच्या वर्षी कोण उरेल सांगता येत नाही." ते म्हणाले, "फासे टाक."

सामने तीन-तीन झाले. मी काही लबाडी केली नाही, तसंच घडत गेलं. सातव्या सामन्याच्या दिवशी सासऱ्यांनी दुपारची झोप घेतली नाही. मी चहा लवकर टाकला. दोघांनाही ठाऊक होतं आम्ही कशाची वाट बघतोय, आणि दोघंही इतर गोष्टींवर बोलत होतो, पाण्याच्या टँकरवर, समोरच्या सोसायटीच्या रंगावर.

शेवटचा डाव आला. मधल्याचा संघ एका धावेने पुढे, क्षेत्ररक्षणाला उभा. तीन बाद केले की स्पर्धा त्यांची. पहिला फलंदाज बाद. दुसऱ्यासाठी सासऱ्यांनी वाटी हलवली. मी आकडा शोधला, तक्त्यावर बोट नेलं आणि बोट तिथेच थांबलं.

"काय?"

"उंच चेंडू. मध्यभागी."

त्यांनी फासे उचलले. वाटीवर बशी ठेवली, हलवली आणि बशी उचलायच्या आधी मला म्हणाले, "तूच बघ."

मी बशी काढली. लाल फाशावर एक होता. पांढऱ्यावर चार.

"झेलला," मी म्हणाले. "बाबा, झेलला त्याने!"

ते उठले. गॅलरीत गेले, वाळत घातलेल्या टॉवेलाशी उगाच काहीतरी केलं, परत आले. डोळे ओले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "चल," म्हणाले, "एकच राहिला."

पुढच्या फलंदाजाने सरळ फटका मारला, पहिल्या घरी पोचला. त्याच्या पुढच्याला चार वाईट चेंडू, फुकट घर. मग आला मिशीवाला. त्रेसष्ट पडले. मी तक्ता दोनदा बघितला. दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून लांब फटका, कुणाच्याच आवाक्यात नाही. दोघंही धावत घरी आले. मधल्याचा संघ एका धावेने हरला.

सासऱ्यांनी वहीत दोन धावा लिहिल्या, बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या. मग पेन मिटून म्हणाले, "त्याने झेलला होता की."

"हो."

"आणि तरी हरले."

"हो."

"मग कुणामुळे हरले?"

मी त्यांची वही माझ्याकडे ओढली आणि आम्ही दोघांनी मिळून पहिल्या डावापासून बघितलं. तिसऱ्या डावात तिन्ही घरांवर माणसं असताना काटकुळ्या बाद झाला होता. पाचव्यात एकाने उगाच दुसऱ्या घराकडे धाव घेतली होती. शेवटी ते चार वाईट चेंडू. अशा सात-आठ जागा निघाल्या. कुठल्याही एका जागी वेगळं घडलं असतं तर जिंकले असते. मी त्या जागांभोवती पेन्सिलीने गोल करत गेले.

सासरे त्या गोलांकडे बघता बघता म्हणाले, "आमचे शेवटचे सहा गडी वीस धावांत गेले होते."

मला आधी कळलंच नाही ते कुठल्या सामन्याबद्दल बोलताहेत. इतक्या वर्षांत त्या सामन्यातला दुसरा एकही चेंडू मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. बहुधा त्यांनाही तो आठवला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र एकेक येत गेलं. एकजण चेंडू खेळात असतानाच जोडे बदलायला क्रीजबाहेर गेला आणि धावचीत झाला. यष्टिरक्षकाने चार बाय सोडल्या. आणि त्या शेवटच्या षटकात, झेलाच्या आधी, काहीतरी झालं होतं. काय ते आठवेना. ते कपाळावर बोट आपटत बसले. "आधीचे दोन चेंडू," पुनःपुन्हा म्हणत राहिले. "आधीच्या दोन चेंडूंचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर उभे राहिले. "मांजरीचं जेवण कधी आहे?"

"रविवारी."

"गाडी तू चालवशील ना?"

रविवारी वाटेत मार्केट यार्डापाशी थांबून त्यांनी स्वतः निवडून दोन डझन संत्री घेतली. हडपसरच्या गर्दीत आम्ही तासभर अडकलो, तेवढ्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, की आपण उशिरा तर पोचणार नाही ना. मांजरीला एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि मध्ये मित्राचं बैठं घर. अंगणात चार म्हातारे खुर्च्यांवर बसले होते. आम्हाला बघून सगळे उभे राहिले. लाडूवाले मित्र काठी टेकत पुढे आले. मी मनात म्हटलं, याने आज काही फेकलं तर मी बोलणार, पाहुणी असले तरी.

त्यांनी तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनीच विचारलं. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "तुझ्या त्या शेवटच्या ओव्हरमध्ये, माझ्या झेलाच्या आधीचे दोन चेंडू. कसे टाकले होतेस?"

मित्र काठीवर जोर देऊन उभे होते. मग म्हणाले, "आखूड. दोन्ही आखूड. दोन्हीला चौकार गेले."

"तरीच."

"ते दोन चेंडू नीट टाकले असते तर तुझा झेल सुटूनही जिंकलो असतो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "इतकी वर्षं वाट बघतोय, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलंच नाही. मग मीच सगळ्यांच्या आधी तुझ्या नावाने ओरडायला लागलो. तेवढं सोपं होतं."

मला संताप आला, खरं सांगते. त्या लाडवाची आठवण होऊन कानशिलं तापली. पण बोलायचा हक्क माझा नव्हता, आणि ज्यांचा होता ते नुसते बघत होते. मग सासरे म्हणाले, "एवढा मोठा लाडू फेकलास तू माझ्या पोराच्या लग्नात. आमटी उडाली शर्टावर." मित्राने मान खाली घातली. सासऱ्यांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

जेवणाला वेळ होता. मी पिशवीतली संत्री टेबलावर ओतली. मित्राने एक उचललं आणि अदबीने हात लांब करून सासऱ्यांच्या पुढे धरलं.

सासऱ्यांनी ते घेतलं नाही. ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "टाक."

"अरे, राहू दे."

"टाक म्हणतो ना."

मित्राने संत्रं वर टाकलं. सासऱ्यांचे दोन्ही हात पुढे आले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ते हात असे एकदाही पाहिले नव्हते, ओंजळ करून पुढे आलेले. संत्रं बोटांना लागलं, उडालं आणि खाली फरशीवर पडून खुर्चीखाली गेलं. सगळे हसले आणि त्यांत सासऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ते वाकले, खुर्चीखालून संत्रं काढलं, शर्टाला पुसून मित्राच्या हातात परत दिलं आणि या वेळी तीन पावलं मागे जाऊन उभे राहिले.

"पुन्हा टाक," म्हणाले.